रक्तक्षयावरील उपचार आणि शरीरातील संप्रेरके

(आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रक्तक्षय हा विषय आपणांपैकी कोणालाही नवा नाही. रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७० साली सुरू झाला. २०१८ साली ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्याला नवे स्वरूप देण्यात आले. या दीर्घ काळात लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून उपकेंद्रात, उपकेंद्रातून शाळेत आणि अंगणवाडीत, आणि तेथून घराघरांत पोहोचल्या. भित्तिपत्रके लागली, आकाशवाणीवर संवाद झाले, पुस्तिका निघाल्या. असे असूनही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे दिसून आले.

या आकड्यांचा अर्थ लावताना आपण सहसा दोनच कारणे पुढे करतो. एक म्हणजे गोळ्या पोहोचल्या नाहीत आणि दुसरे म्हणजे पोहोचल्या, पण घेतल्या गेल्या नाहीत. दोन्ही कारणे अनेक ठिकाणी खरी आहेत, यात संशय नाही. परंतु तिसऱ्या प्रकारची स्त्रीही आपल्या नोंदवहीत असते. ती गोळी नियमाने घेते, तरीही पुढच्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन जेथल्या तेथे असते. ती म्हणते, “ताई, मी गोळ्या चुकवल्या नाहीत हो.” आणि आपण मनातल्या मनात म्हणतो, ही खोटे बोलत असावी. आज मला बोलावयाचे आहे ते या स्त्रीविषयी. गोळी पोटात जाणे आणि लोह रक्तात जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या दोहोंच्या मध्ये शरीराचा स्वतःचा एक कारभार असतो आणि तो कारभार संप्रेरके चालवितात.

मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे. औषध सुचविणे हा माझा अधिकार नाही. परंतु डॉक्टरांना जे ठाऊक आहे ते लोकांना समजेल अशा भाषेत लोकांपुढे ठेवणे हे आमच्या खात्याचे काम आहे आणि त्याच नात्याने मी आपणांपुढे उभा आहे.

लोहाचा जमाखर्च

प्रथम शरीरातील लोहाचा जमाखर्च पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातील बहुतांश भाग रक्तातील तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतील लोह शरीर वाया जाऊ देत नाही. एखादी काटकसरी गृहिणी जुन्या लुगड्याची गोधडी शिवते, तसे ते लोह पुन्हा नव्या पेशींच्या कामी येते. नव्या पेशी घडविण्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते आणि ते जवळजवळ सर्व या जुन्या साठ्यातूनच मिळते. अन्नातून रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत घेतले जाते आणि तेवढेच बाहेर जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. साखर जास्त झाली, मीठ जास्त झाले, तर मूत्रावाटे ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केली आहे. लोहासाठी अशी सोय नाही. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराजवळ नसल्यामुळे सारा बंदोबस्त प्रवेशद्वारापाशीच करावा लागतो. हे प्रवेशद्वार म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग होय.

कोठीचा रखवालदार : हेप्सिडिन

या दारावर कोण बसतो, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगले. २००० आणि २००१ या वर्षांत जर्मनीत रक्तातून आणि अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे मूत्रातून एक अगदी लहान प्रथिन वेगळे करण्यात आले. ते यकृतात तयार होते आणि जंतूंचा काही प्रमाणात नाश करते, एवढेच तेव्हा दिसले. म्हणून त्याला हेप्सिडिन हे नाव मिळाले. पुढे ज्या उंदरांच्या शरीरात हे प्रथिन तयार होत नाही त्यांच्या अवयवांत लोहाचे थरच्या थर साचतात असे फ्रान्समधील संशोधकांना आढळले आणि हेप्सिडिन हे लोहाचे संप्रेरक आहे हे स्पष्ट झाले. २००४ साली एलिझाबेटा नेमेथ, टोमास गॅन्झ व त्यांचे सहकारी यांनी त्याची कार्यपद्धती दाखवून दिली. आतड्यातील पेशींतून रक्तात लोह सोडणारी जी दारे आहेत, ती हेप्सिडिन बंद करते.

हेप्सिडिन हा शरीराच्या कोठीवरचा कोठावळा आहे असे समजा. कोठी भरलेली असली की तो दार लावून घेतो. कोठी रिकामी झाली की दार सताड उघडतो. लोहाच्या अभावामुळे रक्तक्षय झालेल्या व्यक्तीच्या रक्तात हेप्सिडिनची पातळी अत्यंत खाली गेलेली असते आणि उपचाराने साठे भरू लागले की ती हळूहळू वर येते.

आता आपल्या गोळीकडे वळू. हा कोठावळा कोठीतील साठा तर पाहतोच, पण दारावर नुकतेच किती पोते आले तेही पाहतो. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संशोधकांनी शरीरातील लोहसाठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. साठ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक लोहाची मात्रा घेतल्यावर हेप्सिडिन वाढते, ते चोवीस तासांनंतरही वाढलेले राहते आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या मात्रेतून शोषले जाणारे लोह ३५ ते ४५ टक्क्यांनी घटते, असे त्यांत दिसले. मात्रा चाळीसवरून २४० मिलिग्रॅमवर, म्हणजे सहापट नेली, तरी रक्तात गेलेले लोह मात्र सुमारे तिपटीनेच वाढले. बाकीचे आतड्यातच राहिले. पोटात मळमळ, जळजळ आणि बद्धकोष्ठ यांची तक्रार करणारी स्त्री ज्या लोहामुळे हैराण होते ते हेच न शोषलेले लोह.

त्याच संशोधकांच्या गटाने २०१७ साली आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. ४० स्त्रियांपैकी काहींना चौदा गोळ्या रोज एक याप्रमाणे चौदा दिवसांत दिल्या, तर काहींना तेवढ्याच चौदा गोळ्या एक दिवसाआड अठ्ठावीस दिवसांत दिल्या. रोज घेणाऱ्यांच्या शरीरात एकूण १३१ मिलिग्रॅम लोह गेले आणि एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या शरीरात १७५ मिलिग्रॅम. गोळ्या तितक्याच, लोहही तितकेच. कोठावळ्याला दार उघडण्यास उसंत दिली एवढाच फरक.

यावरून एकदम मोठा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. एकूण मात्रा समान ठेवली तर अखेरीस हिमोग्लोबिनमध्ये वा साठ्यात पडणारा फरक थोडाच असतो, असेही नंतरच्या काही चाचण्यांत दिसले आहे. एक दिवसाआड गोळी घेण्याचा खात्रीचा लाभ म्हणजे पोटाचा त्रास कमी होतो. आणि ज्या स्त्रीने त्रासामुळे गोळ्या सोडून दिल्या असत्या, तिच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. कोणाला रोज आणि कोणाला एक दिवसाआड, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. आपण ठामपणे सांगू शकतो ती गोष्ट एकच. एक गोळी विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी तीन गोळ्या एकदम घेण्याने तिप्पट रक्त वाढत नाही. त्रास मात्र वाढतो.

गर्भवती भगिनींची गोष्ट निराळी आहे, तीही येथेच सांगितली पाहिजे. गर्भारपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत हेप्सिडिनची पातळी आपोआप खाली जाते आणि आईच्या आतड्याचे दार बाळासाठी अधिक उघडे राहते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी, साठ मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, असा आपला कार्यक्रम आहे. तेव्हा ‘एक दिवसाआड घेतली तरी चालते’ असे कोणाकडून ऐकून गर्भवतीने आपल्या मनाने गोळी कमी करू नये. तिची गोळी रोजची आहे.

दार आतून बंद असते तेव्हा

हेप्सिडिन वाढण्यास आणखी एक कारण असते. शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असला, मग तो क्षय असो, संधिवातासारखा दीर्घ आजार असो वा वारंवार येणारा ताप असो, की यकृत हेप्सिडिन अधिक प्रमाणात तयार करते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रोगजंतूंनाही वाढण्यासाठी लोह लागते. परचक्र आले असता किल्लेदार ज्याप्रमाणे धान्याची कोठारे बंद करून शत्रूच्या हाती दाणा लागू देत नाही, त्याप्रमाणे शरीर लोह दडवून ठेवते. परिणामी कोठारात लोह असूनही अस्थिमज्जेला ते मिळत नाही आणि रक्तक्षय होतो. अशा रोग्यास कितीही गोळ्या दिल्या तरी दार बंदच राहते. मुळातील आजार बरा झाला की दार उघडते.

म्हणूनच उपचार चालू असताना महिनाभरात हिमोग्लोबिन किमान एका ग्रॅमने वाढले नाही तर त्या व्यक्तीस वरच्या रुग्णालयात पाठवावे, असे कार्यक्रमातच सांगितले आहे. या सूचनेमागे शरीरशास्त्राचे एवढे मोठे कारण उभे आहे. वाढ न होणे ही स्त्रीच्या आळसाची खूण समजू नये. पुढच्या तपासणीची वेळ झाली आहे असा तो निरोप असतो.

मागणीपत्र काढणारे मूत्रपिंड

हेप्सिडिन दार सांभाळते. परंतु नव्या पेशी घडवा असा आदेश अस्थिमज्जेला कोण देतो? तो आदेश मूत्रपिंडातून निघतो. एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तो घेऊन जाते. आपल्या कार्यालयीन भाषेत त्याला मागणीपत्र म्हणावयास हरकत नाही. रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडतो आहे असे मूत्रपिंडाला जाणवले की मागणीपत्रांची संख्या वाढते. पेशींना प्राणवायूची ही उणीव कशी कळते याचा उलगडा करणारे विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या संप्रेरकाचा शोध ही चिकाटीची कथा आहे. १९०६ साली पॅरिस येथे पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड देफ्लाँद्र यांनी रक्तनिर्मितीस चालना देणारे काहीतरी रक्तातच असते अशी कल्पना मांडली. ते ‘काहीतरी’ शुद्ध स्वरूपात हाती येण्यास सत्तर वर्षे लागली. अस्थिमज्जा निकामी झालेल्या रोग्यांच्या शरीरात मूत्रपिंड मागणीपत्रांमागून मागणीपत्रे पाठवीत असते, पण ती वाचणारे कोणी नसते. म्हणून त्यांच्या मूत्रात हे संप्रेरक विपुल असते. जपानमधील ताकाजी मियाके यांनी अशा रोग्यांचे तब्बल २,५५० लिटर मूत्र गोळा करून आटविले आणि ते घेऊन ते शिकागो येथे यूजीन गोल्डवासर यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्यातून १९७७ साली जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन मिळाले. त्या चिमूटभर पदार्थाच्या आधाराने पुढे त्याचे जनुक सापडले, ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले आणि १९८९ साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. तोवर डायलिसिसवर असलेल्या रोग्यांना वारंवार दुसऱ्याच्या रक्तावर अवलंबून राहावे लागत असे. ज्या आजाऱ्यांचे मूत्र गोळा झाले, त्यांचा स्वतःचा आजार या संप्रेरकाच्या अभावाचा नव्हता. परंतु त्यांनी दिलेल्या त्या तुच्छ वाटणाऱ्या देणगीने जगभरच्या असंख्य रोग्यांचे जीवन सुसह्य झाले.

लोहाच्या अभावामुळे झालेल्या रक्तक्षयात मूत्रपिंड निरोगी असते, तेव्हा एरिथ्रोपोएटिनची पातळी वाढलेली असते. गोळ्यांनी रक्त सुधारू लागले की ती खाली येते. या उलट मूत्रपिंडच दीर्घकाळ आजारी असेल तर रक्त कमी असूनही त्या प्रमाणात मागणीपत्रे निघत नाहीत. कोठीत धान्य आहे, कारागीर बसून आहेत, पण आदेशच येत नाही, अशी ती स्थिती होते. आज मधुमेह आणि रक्तदाब यांचे प्रमाण वाढत असताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. वयस्क मधुमेही व्यक्तीस रक्तक्षय असेल तर केवळ लोहाची गोळी देऊन न थांबता तिच्या मूत्रपिंडाची तपासणी करवून घ्यावी.

या संप्रेरकाची इंजेक्शने मिळतात. अहमदाबाद येथील उद्योगाने विकसित केलेली, शरीरास स्वतःच हे संप्रेरक तयार करावयास लावणारी डेसिडुस्टॅट ही गोळीही २०२२ साली आपल्या देशात मान्य झाली आहे. परंतु येथेही ‘अधिक तेवढे उत्तम’ हा न्याय लागू पडत नाही. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके, म्हणजे १३ ग्रॅम वा त्यापुढे नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार व मृत्यू यांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि २००९ सालच्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. तेव्हापासून अशा रोग्यांत मुद्दाम कमी पातळीवर थांबण्याची पद्धत आहे. “डॉक्टर रक्त पूर्ण भरून का काढीत नाहीत?” असे नातेवाइकांनी विचारल्यास हे उत्तर आपणांस ठाऊक असावे.

अवटू ग्रंथी आणि सकाळची गोळी

तिसरे संप्रेरक आपल्या परिचयाचे आहे. गळ्यातील अवटू ग्रंथी, जिला आपण सारे थायरॉइड म्हणतो, तिचा स्राव कमी पडला की अस्थिमज्जेचे कामही मंदावते आणि रक्तक्षय होऊ शकतो. थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे ही दोन्ही आजारांची समान लक्षणे असल्यामुळे एकामागे दुसरा लपून राहतो. नाते उलट दिशेनेही आहे. थायरॉइडचे संप्रेरक तयार करणाऱ्या मुख्य विकराला लोहाची गरज असते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात गलगंड झालेल्या मुलांवर या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासांत, ज्यांच्या शरीरात लोह कमी होते त्यांना आयोडीनचा गुण कमी आला आणि लोह दिल्यावर तो वाढला.

यातून निघणारी एक अत्यंत साधी सूचना मी आपणांस पुनःपुन्हा सांगेन, कारण ती घरोघरी मोडली जाते. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यावयाची असते. त्याच वेळी लोहाची गोळी घेतली तर लोह त्या औषधास आतड्यातच बांधून ठेवते. दोन्ही औषधे चोख घेऊनही थायरॉइडचा आकडा बिघडतो. या दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर हवे. सकाळी थायरॉइडची आणि दुपारी वा रात्री लोहाची, एवढी वाटणी केली की काम भागते. यासाठी ना पैसा लागतो, ना नवे औषध.

जेव्हा उपचारच संप्रेरकांना बाधतो

आता मी एका गंभीर प्रकाराकडे येतो. थॅलेसेमिया हा जन्मजात रक्तक्षय आहे. त्याच्या तीव्र प्रकारात बालकास दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि ते जन्मभर. रक्ताची प्रत्येक पिशवी जीव वाचविते. परंतु प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. दारावरचा कोठावळा येथे हतबल असतो, कारण हे लोह दारातून आलेलेच नसते. ते थेट शिरेतून आलेले असते. आणि लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीरास नाही, हे आपण आरंभीच पाहिले.

हे साचलेले लोह यकृतात आणि हृदयात जाते, तसेच संप्रेरके निर्माण करणाऱ्या ग्रंथींतही जाऊन बसते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दुबळी झाली की वयात येण्याची चिन्हे दिसत नाहीत. उंची खुंटते. थायरॉइडचा स्राव घटतो. स्वादुपिंडात लोह साचून मधुमेह होतो. गळ्यातील परावटू ग्रंथी बिघडून रक्तातील कॅल्शियम कमी होते आणि हातापायांना वांब येतात. वर्गातील बाईंना वाटते, मूल लहानखुरे आहे. आईला वाटते, आजारी पोर, वाढणार तरी कशी! हिमोग्लोबिनचा आकडा मात्र ठीक असतो, म्हणून कोणी पुढे चौकशी करीत नाही.

या लोहास बाहेर काढणारी औषधे आहेत. डेस्फेरीऑक्झामीन हे औषध सुईने, आठवड्यातील पाच ते सात रात्री, आठ ते बारा तास द्यावे लागे. पुढे डेफेरीप्रोन या तोंडाने घेण्याच्या औषधास भारतात मान्यता मिळाली आणि २००५ पासून दिवसातून एकदाच घ्यावयाचे डेफेरासिरॉक्स उपलब्ध झाले. ही औषधे नियमाने घेतली आणि शरीरातील लोहाचे मोजमाप ठेवले तर ग्रंथींची हानी पुष्कळ अंशी टाळता येते. अशा मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजावी, आणि साधारणतः दहाव्या वर्षापासून दरवर्षी थायरॉइड, साखर व कॅल्शियम यांची तपासणी व्हावी. मुलगी तेरा वर्षांची वा मुलगा चौदा वर्षांचा होऊनही वयात येण्याची चिन्हे दिसली नाहीत, तर लाजेने वा दैवावर भार टाकून गप्प बसू नये. संप्रेरकांच्या उणिवेवर उपचार आहेत आणि ते वेळीच व्हावे लागतात. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, हेही या कुटुंबांस सांगावे.

थॅलेसेमियाचा आणखी एक पैलू आपल्या नोंदवहीशी निगडित आहे. या दोषाचे केवळ वाहक असलेले स्त्री-पुरुष निरोगी असतात; त्यांचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि तांबड्या पेशी लहान असतात. लोहाच्या अभावातही पेशी लहानच दिसतात. त्यामुळे अनेक वाहक स्त्रिया गरज नसताना दीर्घकाळ गोळ्या घेत राहतात. गोळ्यांनी गुण न आलेल्या स्त्रीची हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी झाली तर हे उघड होते. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात तीव्र आजाराचे मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या आरंभी मिळणे किती मोलाचे आहे, हे सांगावयास नको.

आपण काय करावे

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, एवढी संप्रेरके आम्ही कोठे मोजत बसणार? ती आपण मोजावयाची नाहीत. हेप्सिडिनची तपासणी तर अद्याप मुख्यतः संशोधनापुरतीच आहे. परंतु ती आत काम करीत आहेत याची जाणीव ठेवली तर आपल्या रोजच्या कामात काही गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट वेळेची. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नये. निदान एक तासाचे अंतर असावे. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहास मदत करते. शौचास काळे होणे हे लोहामुळे होते, त्यात भिण्याचे कारण नाही, हे गोळी देतानाच सांगून टाकावे. न सांगितल्याने अनेक गोळ्या परसात फेकल्या जातात.

दुसरी गोष्ट चिकाटीची. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आले म्हणजे रक्त भरले, कोठी नव्हे. म्हणून त्यानंतरही सुमारे तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात. पीक हाती आले तरी पुढच्या पेरणीचे बी राखून ठेवावे लागते, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट विचारण्याची. गोळी देताना तीन प्रश्न विचारावेत. थायरॉइडची वा दुसरी कोणती गोळी चालू आहे काय? ताप, खोकला, सांधेदुखी असे जुने दुखणे आहे काय? घरात कोणास वरचेवर रक्त द्यावे लागते काय? या तीन प्रश्नांस दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि डॉक्टरांचे अर्धे काम त्यांतून होते.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट विश्वासाची. महिनाभर गोळ्या घेऊनही ज्या स्त्रीचे रक्त वाढले नाही, तिच्या नावापुढे ‘गोळ्या घेत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो शेरा एकदा पडला की तिचा तपास तेथेच थांबतो. घरातही तिलाच बोल लागतो. सासू म्हणते, हिलाच नको आहे बरे व्हायला. आणि तिच्या शरीरात दडलेला क्षय, आजारी मूत्रपिंड, मंदावलेली थायरॉइड वा जन्मापासूनचा रक्तदोष तसाच पुढे चालू राहतो. त्याऐवजी ‘गोळ्या घेऊनही वाढ नाही, पुढील तपासणीस पाठविले’ असे लिहिले तर तीच नोंद तिच्यासाठी एक दार उघडते.

आमचे खाते इतकी वर्षे ‘गोळ्या घ्या’ असा संदेश देत आले आहे. तो संदेश खराच आहे आणि तो पुढेही द्यावा लागेल. त्याच्या जोडीला आता आणखी एक वाक्य द्यावे अशी वेळ आली आहे, असे मला वाटते : ‘गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर पुन्हा या, दोष तुमचा नाही.’ हे वाक्य भित्तिपत्रकावर येईल तेव्हा येईल; आपल्या तोंडून ते उद्या सकाळपासून निघू शकते.